घाटावरचा शक आणि चावडीतले रुमाल : कृष्णाकाठच्या एका गावाने आपला इतिहास कसा लिहिला

पार्श्वभूमी

कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन कृष्णा सांगलीकडे निघते, त्या पट्ट्यातलं हे गाव. गावकऱ्यांशी बोलून ठरल्याप्रमाणे गावाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल अशा दोन-चार खुणाही बदलल्या आहेत. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

गाव उंचवट्यावर आहे. खाली मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन, मग नदी. मळीत पूर्वी वांगी, हरभरा, शाळू असायचा. उपसा योजना आल्यावर ऊस आला. नदीकाठी महादेवाचं दगडी देऊळ, दीपमाळ आणि पायऱ्यांचा घाट. देवळामागे ओळीने मांडलेले वीरगळ, त्यांना लोक अजून शेंदूर लावतात. गावाच्या उत्तरेला नदीला लागून एक ओसाड टेकाड आहे, त्याला सगळे 'पांढर' म्हणतात. तिथली माती नांगरली की खापरं वर येतात. पूल होण्याआधी पलीकडे जायचं तर नाव होती. पावसाळ्यात नाव बंद पडली की गुळाच्या काहिलीत बसून माणसं पार होत.

गावात इतिहास लिहायची गोष्ट निघाली ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी त्याच्याच मापाने सामान वर चढवलं होतं, आणि पाणी त्या मापाच्या वर आलं. या गावात चावडी बुडाली. चावडीच्या माळ्यावर एका लाकडी पेटीत पाटील घराण्याचे आणि गावकीचे जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले होते. पेटी तरंगली, उलटली आणि दोन दिवस पाण्यात राहिली.

पाणी ओसरल्यावर पोरांनी कागद दोरीवर टाकून उन्हात वाळवायला काढले. निवृत्त मुख्याध्यापकांनी, ज्यांना गाव गुरुजी म्हणतं, ते थांबवलं. ओला जुना कागद कडक उन्हात आकसतो, ठिसूळ होतो. शाळेच्या एका वर्गात पंख्याखाली, कोऱ्या कागदांच्या थरांत ते पसरले गेले. काजळाच्या शाईतले मोडी कागद बऱ्यापैकी वाचले. त्यानंतरच्या काळातल्या, टाकाच्या निळ्या शाईतल्या नोंदी फिसकटून गेल्या. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद राहिला आणि आजोबांच्या काळातला गेला. मला त्या कागदांच्या निमित्तानेच बोलावणं आलं, मोडी वाचून देण्यासाठी.

अडचण

त्याच सुमारास देवळाचा जीर्णोद्धार पुरा होत आला होता. कलशारोहणाची तयारी सुरू होती, आणि त्या दिवशी गावाच्या इतिहासाची स्मरणिका काढायची असं ठरलं होतं. मजकूर जवळजवळ तयारही होता. तालुक्यातल्या एका हौशी लेखकाकडून तो लिहून घेतला होता. त्यात ठासून मांडलेल्या गोष्टी तीन होत्या.

पहिली, घाट छत्रपती संभाजी महाराजांच्या काळातला आहे. दुसरी, पाटलांच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेच्या, मूळपुरुषाने निर्जन रानात हे गाव वसवलं आणि त्याला शिवाजी महाराजांनी सनद दिली. तिसरी, गाव 'पहिल्यापासून एकदिलाने' नांदत आलं.

धाकट्या पातीने दुसऱ्या गोष्टीला हरकत घेतली. वर्गणी थांबली. बौद्धवस्तीतल्या एका शिक्षिकाताईंनी ग्रामसभेत विचारलं, की निर्जन रानात गाव वसलं तर वेशीची राखण करणारी आमची माणसं कधी आली, याचं एक वाक्य तरी स्मरणिकेत आहे का? नव्हतं. पुण्यात राहणाऱ्या, एके काळी गावातच वाडा असलेल्या कुटुंबातल्या एका आजोबांनी पत्र पाठवून तिसऱ्या गोष्टीवर नम्रपणे प्रश्न उभा केला. त्या पत्राकडे पुढे येऊ.

असे तंटे बहुतेक गावांत दिसतात. ते मानापानाचे वाटतात, पण माझ्या मते मुळात ते पुराव्याचे असतात. कोणती गोष्ट कशावरून सांगतोय, हे कुणी विचारत नाही तोवर ज्याचा आवाज मोठा त्याची गोष्ट छापली जाते.

समोरचे पर्याय

ग्रामपंचायतीत बसून तीन वाटांचा विचार झाला.

एक, आहे तोच मजकूर छापायचा आणि धाकट्या पातीच्या मूळपुरुषाचंही नाव घालून मिटवायचं. सरपंचांना ही वाट सोयीची वाटत होती, आणि त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला ती तशी वाटणं मी समजू शकतो. तारीख जवळ आली होती, मंडपवाल्याला इसार गेला होता.

दोन, काम विद्यापीठातल्या कुणाकडे तरी सोपवायचं. यात नेमकेपणा आला असता, पण गावाचा हात सुटला असता. शिवाय एका गावासाठी इतका वेळ काढणारं माणूस मिळणं अवघड.

तीन, कलशारोहण ठरल्या दिवशी करायचं, स्मरणिका मात्र मागे ठेवायची. आधी कागद, दगड आणि माणसांच्या आठवणी गोळा करायच्या, प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून कळली ते लिहायचं, आणि मगच छापायचं.

तिसरी वाट निवडली गेली ती गुरुजींमुळे. ते एवढंच म्हणाले, की कलश चढायचा राहणार नाही, पुस्तक उशिरा आलं तर देव रागावणार नाही. दोन्ही पाती, बौद्धवस्ती, रामोशी, कोळी, मुलाणी आणि मागून वस्तीला आलेली धनगर कुटुंबं अशा सगळ्यांतून माणसं घेऊन समिती झाली. बायका सुरुवातीला समितीत फक्त त्या शिक्षिकाताई होत्या. ही उणीव पुढे भोवली.

पहिला निर्णय : घाटावरचा शक

घाटाच्या वरच्या टप्प्यावर कोनाड्याशेजारी देवनागरीतला चार ओळींचा लेख आहे. वर्षानुवर्षं त्यावर तेलाचे आणि शेंदराचे थर बसले होते. स्मरणिकेच्या लेखकाने आकडा '१६८४' असा वाचला आणि तो इसवी सन धरला. इसवी सन १६८४ म्हणजे संभाजी महाराजांची कारकीर्द. गावाच्या वेशीवर तसा फ्लेक्सही लागला होता.

आकड्याच्या आधी 'शके' हे अक्षर स्पष्ट आहे. शालिवाहन शकाचा इसवी सन काढायचा तर त्यात ७८ मिळवायचे. पौषाच्या पुढे-मागे जानेवारी लागला की ७९. म्हणजे शके १६८४ असेल तर सन १७६२-६३ येतो. पानिपत होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली, माधवराव पेशव्यांची सुरुवात.

पण तिढा इथे सुटला नाही. थर कोमट पाण्याने आणि मऊ कुंच्याने काढल्यावर दिसलं की दशकाचा आकडा झिजलेला आहे. वर नुसता एक बाक शिल्लक आहे. तो आठ असू शकतो, दोन असू शकतो, आणि ज्याला शून्य पाहायचंय त्याला शून्यही दिसतं. थोरल्या पातीतल्या एका तरुणाने लगेच मांडलं, की शके १६०४ धरा. म्हणजे सन १६८२, म्हणजे पुन्हा संभाजी महाराजच. मुद्दा बिनतोड वाटत होता आणि मंडळी खूश झाली.

उत्तर त्याच ओळीत होतं. आकड्यापुढे संवत्सराचं नाव कोरलेलं आहे, आणि त्यातली 'चित्रभा' एवढी अक्षरं शाबूत आहेत. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं असतं. शके १६०४ ला दुंदुभी संवत्सर होतं. चित्रभानु येतं ते शके १६२४ ला आणि पुन्हा साठ वर्षांनी शके १६८४ ला. पडताळा म्हणून सगळ्यांसमोर माहीत असलेल्या तारखांवरून मागे-पुढे मोजून पाहिलं : संभाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १६०२, रौद्र संवत्सर, पानिपतची लढाई शके १६८२, विक्रम संवत्सर. विक्रम, वृष, चित्रभानु. बोटांवर मोजून शाळेतल्या पोरांनाही ते जुळलं. १६०४ गळालं ते कुणाच्या मताने नव्हे, दगडावरच्या अक्षरांनीच गळालं. ते सगळ्यांच्या समोर झालं म्हणून कुणाचा अपमानही झाला नाही.

आता दोन उरले : १६२४ म्हणजे सन १७०२-०३, नाहीतर १६८४ म्हणजे सन १७६२-६३. १७०० साली औरंगजेबाने सातारा घेतला होता, आणि पुढची काही वर्षं त्याची छावणी या मुलखातले किल्ले घेत फिरत होती. अशा धामधुमीत एका लहान गावात दगडी घाट बांधला जाईल हे अवघड वाटतं. उलट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाई, मेणवली, माहुली अशा कृष्णाकाठच्या कितीतरी ठिकाणी घाट आणि देवळं उभी राहिली. हे झालं अनुमान. माझा कल १६८४ कडे होता, पण नुसत्या कलावर दगडाचं वय ठरवू नये, म्हणून समितीने त्या दिवशी वहीत दोन्ही शक लिहून ठेवले आणि पुढे गेली. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय वाटतो. प्रश्न अर्धवट सुटलेल्या स्थितीत लिहून ठेवण्याची तयारी फार थोडे लोक दाखवतात.

दुसरा निर्णय : थोरली पात, धाकटी पात आणि मळीचा तंटा

पेटीतल्या कागदांत एक लांबच लांब बंद निघाला, अनेक कागद एकाला एक चिकटवून केलेला. तो महजर होता, म्हणजे सभेसमोर झालेल्या निवाड्याचा लेखी कागद. त्याचं साल सुहूर सनात, म्हणजे जुन्या कागदांत अरबी शब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या कालगणनेत होतं : इसन्ने सबैन मया व अलफ, म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवले की सन १७७१-७२ येतो. सुहूर साल मृगाच्या सुमाराला बदलतं म्हणून दोन वर्षं सांगावी लागतात.

थोरल्या पातीची अपेक्षा होती की यात सनद निघेल. निघाला तो मळीचा तंटा. पुराने नदीने पात्र बदललं होतं. धाकट्या पातीच्या वाट्याची मळी खाल्ली होती आणि थोरल्या पातीच्या बाजूला नवी जमीन टाकली होती. नवी मळी कुणाची, आणि शेजारच्या गावाची शीव आता कुठे, हा वाद घेऊन गोत, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांची न्यायसभा, बसलं होतं. देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी हजीर मजलसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची नावं, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या खुणा : पाटलाचा नांगर, कारागिरांची आपापली हत्यारं.

मजलस कुठे बसली त्याचं ठिकाणही लिहिलेलं होतं : 'नव्या घाटावरी देवापुढें'. हे वाचलं तेव्हा वर्गात बसलेले सगळे एकदम बोलू लागले. १७७१-७२ साली घाट 'नवा' म्हणवला जात असेल, तर तो नऊ-दहा वर्षांपूर्वीचा असणं जास्त संभवतं की सत्तर वर्षांपूर्वीचा? दगड आणि कागद एकमेकांना जाऊन मिळाले. पुस्तिकेत 'बहुतेक शके १६८४, सन १७६२-६३' असं छापलं आणि 'बहुतेक' का, तेही छापलं. जुन्या घाटाच्या जागी नवा बांधला असेल ही शक्यता राहतेच.

थोरलेपणाच्या वादाचं काय झालं? महजरात दोन्ही पातींचं म्हणणं नोंदलेलं आहे. दोघांनी आपापला करीना दिला होता, म्हणजे आपली बाजू पिढ्यांपासून सांगितली होती. थोरल्या पातीच्या करीन्यात 'आमचे वडिलांनी गांव वसविला' हे वाक्य खरोखरच आहे. त्यावर पहिल्यांदा आनंद झाला. पण करीना म्हणजे पक्षकाराचं कथन. आज कोर्टात वादीने दिलेला अर्ज आणि न्यायाधीशाचा निकाल यांत जेवढा फरक, तेवढा तिथेही आहे. गोताने निकालात गाव कुणी वसवलं यावर काहीच म्हटलेलं नाही. मळी निम्मे निम करावी, पोळ्याचा पहिला बैल आणि टिळा-विडा थोरल्या पातीचा, आणि दोघं मूळचे भाऊ आहेत, एवढंच ठरवलं आहे.

पुण्याच्या पुरालेखागारातही शोध घेतला. पेशवे दप्तराबरोबरच तिथे इंग्रजी अमलात इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या काळात गावोगावच्या वतनदारांकडून जमा केलेले कागद आहेत. प्रांत आणि तरफ आधी माहीत असली तर रुमालापर्यंत पोहोचता येतं. नुसत्या गावाच्या नावाने गेलं तर माणूस हरवतो. या गावाची काही हिशेबी पत्रं मिळाली. शिवाजी महाराजांच्या सनदेचा उल्लेख कुठेही मिळाला नाही. समितीने पुस्तिकेत लिहिलं : 'सनदेची गोष्ट थोरल्या पातीत सांगितली जाते. तिला कागदाचा आधार अजून सापडलेला नाही.' या 'अजून' शब्दावर दोन बैठका गेल्या. थोरल्या पातीतल्या अण्णांनी शेवटी मान हलवली, पण मनाने ते तयार नव्हते, हे नोंदवणं भाग आहे. त्यांनी देणगी परत मागितली नाही, पण प्रकाशनालाही आले नाहीत.

महजरातला सगळ्यांत मोलाचा भाग मात्र तिसराच होता. शीव कुठे होती याची साक्ष गोताने पाटलांकडून घेतली नाही, कारण दोन्ही पाटील पक्षकार होते. साक्ष घेतली वेसकर, म्हणजे वेस राखणाऱ्या महाराची. त्याने कृष्णेच्या पाण्यात उभं राहून सांगितलं, की जुना शिवेचा दगड पांढरीच्या खालच्या अंगाला होता, तो पुराने गेला. त्याच्या नावासह, बापाच्या नावासह ते लिहिलेलं आहे. त्याच्या बोलण्यावर गोताने शीव कायम केली.

ग्रामसभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाटलांच्याच पेटीतून निघालं. शिवेचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या महारांकडे असे आणि शिवेच्या वादात त्यांची साक्ष वजनदार मानली जाई, हे अभ्यासकांना माहीत आहे. पण आपल्या गावच्या माणसाचं नाव कागदावर ऐकणं वेगळं. शिक्षिकाताईंच्या वडिलांनी ते नाव तीनदा वाचायला लावलं. त्यांच्या घरात त्या नावाची काही आठवण नव्हती. वाड्यांतल्या वंशावळी हेळव्यांनी जपल्या. बैलावर वह्या लादून ते वर्षा-दोन वर्षांनी येतात आणि घराण्याची पिढी वाचून दाखवतात. पण धान्य-पैसा देऊन नावं लिहून घेण्याची ऐपत ज्यांची, त्यांचीच पिढी वहीत चढते. म्हणूनच भांडणाच्या कागदांना मी इतकी किंमत देतो. अभिमानाच्या कागदात फक्त जिंकलेल्यांची नावं येतात; भांडणाच्या कागदात साक्षीदार आणावे लागतात.

त्या साक्षीने पांढरीचंही कोडं थोडं उलगडलं. जुनं गाव तिथे होतं आणि पाण्यामुळे वर सरकलं, असं म्हातारी माणसं सांगतच होती. १७७१-७२ पर्यंत ती जागा ओस पडून तिला 'पांढर' म्हणू लागले होते, एवढं आता कागदावर आलं. गाव केव्हा हललं, ते खापरांचा नीट अभ्यास झाल्याशिवाय सांगता येणार नाही. पांढरीची माती खत म्हणून आणि विटांसाठी ट्रॅक्टरने नेली जात होती. समितीच्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीने ती बंद केली. हे आधी व्हायला हवं होतं. टेकाडाची नदीकडची बाजू तोवर निम्मी गेली होती.

तिसरा निर्णय : १९४८ चं काय करायचं

पुण्याहून आलेल्या त्या पत्रात तक्रार नव्हती. आजोबांनी लिहिलं होतं, की गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत आमचा वाडा जळाला तेव्हा मी लहान होतो. आम्हाला रात्री मळीतल्या एका कुटुंबाने आसरा दिला आणि पहाटे नावेने पलीकडे पोहोचवलं. त्या कुटुंबाचं नाव तरी इतिहासात यावं.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागात तेव्हा कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुठल्याच स्मरणिकेत नसते. समितीत यावर खूप ताणाताण झाली. काहींचं म्हणणं, झालं गेलं, आता कशाला. जाळणाऱ्यांची नातवंडं इथे राहतात. काहींचं म्हणणं, याच गावातली माणसं १९४३ ते ४६ मध्ये प्रति सरकारच्या कार्यकर्त्यांना उसाच्या फडात लपवत होती, ते आपण अभिमानाने छापतोय, मग दोनच वर्षांनंतरचं गाळायचं कसं?

दुसरा मुद्दा मला पटला आणि मी तसं बोललो. शेवटी ठरलं ते असं : घटना लिहायची, किती घरं जळाली ते लिहायचं, कुणी जाळली त्यांची नावं लिहायची नाहीत, आसरा देणाऱ्या कुटुंबाच्या वारसांची परवानगी मिळाली तर त्यांचा उल्लेख करायचा. वारसांनी नको सांगितलं. 'आमच्या आजानं नावासाठी केलं न्हाई,' असं त्यांचं उत्तर आलं. म्हणून पुस्तिकेत 'मळीतल्या एका शेतकरी कुटुंबाने' एवढंच आहे. आजोबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी दुरुस्ती सुचवली ती फक्त नावेच्या जागेची.

'पहिल्यापासून एकदिलाने' हे शब्द मजकुरातून काढले गेले. त्यावर वाद झाला नाही.

चौथा निर्णय : जन्म-मृत्यूच्या नोंदी उघड करायच्या का

हा प्रश्न मध्येच उभा राहिला. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या मोडी नोंदींना एकाएकी भाव आला. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यातली पानं घराघरांत हवी होती. समितीने आपल्या कामासाठी त्या नोंदी तहसील कार्यालयात बसून उतरवल्या होत्या, कारण प्लेगची साथ आणि १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझा) यांत गावाचं काय झालं ते त्यांतून कळत होतं. आता मागणी आली की उतरवलेल्या सगळ्या नोंदी व्हॉट्सॲपवर टाका.

समितीने नकार दिला. आपल्या घराची नोंद ज्याला हवी त्याला ती कुठल्या पानावर आहे ते सांगितलं जाई, म्हणजे त्याला कार्यालयातून रीतसर नक्कल घेता येई. त्या वह्यांत माणसं कशाने मेली ते असतं, अनौरस संततीचे शेरे असतात, जातींची आज अपमानास्पद वाटणारी नावं असतात. साथीच्या काळात मृत्यू वाढले, लोक माळावर झोपड्या बांधून राहिले, हे कुणाचंही नाव न घेता सांगता येतं आणि तसंच सांगितलं.

परिणाम

पुस्तिका कलशारोहणानंतर बऱ्याच काळाने आली. मधल्या कोरोनाच्या काळात आणि जुलै २०२१ च्या पुरात काम थांबलंही होतं. पुस्तिका लहान आहे. प्रत्येक गोष्टीपुढे ती कागदावरून, दगडावरून की सांगीवरून आली याची खूण आहे. वेशीवरचा फ्लेक्स उतरवून घाटापाशी लेखाचं वाचन लिहिलेली छोटी पाटी लावली.

कागदांचे फोटो काढून त्यांच्या प्रती ग्रामपंचायत, शाळा आणि दोन्ही पातींची घरं अशा चार जागी ठेवल्या. मूळ कागद शाळेच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या पेटीत, २०१९ च्या पाण्याच्या बऱ्याच वर. चावडीच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषा रंगवल्या. त्यांच्या खाली पांढरीच्या उंचीचीही एक रेषा आहे, ती तिन्ही पुरांत बुडालेली दिसते. नवं घर बांधताना लोक त्या रेषा बघून जातात, असं ग्रामसेवकांनी सांगितलं. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात. ही भिंतीवरची रेषा माणसाच्या डोक्याच्या वर दिसते.

थोरल्या पातीतली दोन घरं अजून नाराज आहेत. धाकट्या पातीलाही सगळं हवं तसं मिळालं नाही, कारण टिळा-विड्याचा मान थोरल्यांचा असल्याचं आता छापून आलं.

काय वेगळं करता आलं असतं

तारीख आधी आणि पुस्तक मागून, हा क्रम मुळातच उलटा होता. समारंभ ठरवून मग इतिहास मागवला की लेखक तयार गोष्टी उचलतो. स्मरणिकेचा पहिला मजकूर लिहिणाऱ्याला त्या घाईचीच शिकार व्हावं लागलं. त्याला लेख स्वच्छ करून पाहायची संधीच कुणी दिली नव्हती. समितीने त्याला पुढच्या कामातही बोलवायला हवं होतं. तो दुखावला आणि दूर गेला, आणि गावाची आवड असलेलं एक माणूस कमी झालं.

पुण्याचं पत्र येऊन पडलं होतं, त्याला उत्तर मात्र फार उशिरा गेलं. आजोबांच्या वयाचा विचार केला तर त्यांच्याशी बोलणं हे पहिलं काम असायला हवं होतं. कागद वाट बघतात, माणसं बघू शकत नाहीत. नाव वल्हवणाऱ्या कोळी कुटुंबातले शेवटचे जाणते नावाडी समिती त्यांच्याकडे पोहोचण्याआधी गेले. नदीत कुठे डोह, कुठे उतार, कुठल्या महिन्यात नाव कुठे लागायची, हे सांगणारं गावात आता कुणी नाही. पुस्तिकेत नदीवर जे पान आहे ते त्यामुळे फार पातळ झालं आहे. नदीकाठच्या गावाच्या इतिहासात हे मोठं न्यून आहे, आणि ते भरून निघणारं नाही.

बायकांच्या बाबतीतही तेच. समितीत एकच बाई असल्यामुळे ओव्या गोळा करण्याचं काम मागे पडत गेलं. जात्यावरच्या ओव्यांमध्ये पूर येतो, पलीकडच्या काठाला दिलेली लेक येते, माहेराहून येणारा भाऊ नावेसाठी खोळंबतो. साठ-सत्तरच्या पुढच्या आक्का-मावशींना त्या अजून येतात. पहिल्याच महिन्यात बचत गटांकडे हे काम दिलं असतं तर पुस्तिकेचं निम्मं अंग वेगळं दिसलं असतं.

कूळकायदा आणि वतनं खालसा होणं यांवरही पुस्तिका घाईने पुढे जाते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर मळीच्या किती जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, १९५८ च्या कायद्याने महार वतनाच्या जमिनींचं काय झालं, त्या आज कुणाकडे आहेत, हे सगळं फेरफार नोंदींत पडून आहे. ते कुणालाही वाचता येण्याजोग्या बाळबोध लिपीत आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या महजराला जेवढी उत्सुकता मिळाली तेवढी या नोंदींना मिळाली नाही, कारण त्यांतली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. मला वाटतं, समितीची पुढची परीक्षा तिथे आहे.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आहे. ओव्यांसाठी मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू आहे, ते शिक्षिकाताई आणि बचत गटाच्या दोघी बघतात. फेरफार उतरवण्यासाठी दोन्ही पातींतली आणि बौद्धवस्तीतली मिळून तरुण पोरं तलाठ्यांकडे अर्ज करून आली आहेत. त्यात अण्णांचा नातूही आहे.